कोलंबसमध्ये एवढी बांधकामे चालू आहेत, तरी घरे महाग का?

अमेरिकेतील ओहायो राज्याची राजधानी असलेल्या कोलंबस शहराविषयी हल्ली दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले म्हणजे, शहराच्या मध्यभागी पाहावे तिकडे क्रेन उभ्या आहेत. दुसरे म्हणजे, घरभाडे परवडेनासे झाले आहे. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि नेमके हेच सामान्य माणसाला कोड्यात टाकते: इतकी घरे बांधली जात असतील तर भाडी उतरायला नकोत का? आणि ती उतरत नसतील तर ही बांधकामे नेमकी कोणाच्या भल्यासाठी चालली आहेत?

या कोड्याचे उत्तर क्रेनकडे बघून मिळत नाही. क्रेन उभी राहण्याच्या कितीतरी आधी तीन गोष्टी कागदावर ठरलेल्या असतात: त्या जागेवर किती बांधता येईल, त्या इमारतीवर कर किती बसेल आणि तिथपर्यंत लोक पोहोचणार कसे. कोलंबसने यांपैकी पहिली आणि तिसरी गोष्ट २०२४ या एकाच वर्षात बदलली. दुसरी मात्र अजून अवघड जागीच आहे.

आधी शहराची प्रकृती पाहू. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील अनेक जुनी औद्योगिक शहरे गेल्या ७० वर्षांत आटत गेली. ओहायोमधल्याच क्लीव्हलँडची लोकसंख्या १९५० मध्ये ९,१४,८०८ होती, ती २०२० मध्ये ३,७२,६२४ वर आली. कोलंबस उलट दिशेने गेले. तेथे २०१० मध्ये ७,८७,०३३ लोक होते, २०२० मध्ये ९,०५,७४८. राज्य सरकारची कार्यालये, ओहायो स्टेट विद्यापीठ, विमा कंपन्या आणि बँका असा मिश्र रोजगार असल्यामुळे एखादा कारखाना बंद पडला म्हणून शहर कोसळले, असे येथे झाले नाही. २०५० पर्यंत आसपासच्या परिसरासह लोकसंख्या ३० लाखांच्या वर जाऊ शकते, असा प्रादेशिक नियोजन आयोगाचा अंदाज आहे. म्हणजे आज दिसणारी बांधकामे ही तात्पुरती लाट नाही.

पाणी हवे असेल तर शहरात या

कोलंबसचे क्षेत्रफळ सुमारे ५७० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीहून मोठे आहे. लोकसंख्या मात्र २०११ च्या मुंबईच्या साधारण चौदाव्या हिश्शाइतकी. हा पसारा आपोआप झालेला नाही. १९५० च्या दशकात जॅक सेन्सेनब्रेनर महापौर झाले तेव्हा पाणीपुरवठा आणि सांडपाणी व्यवस्था शहराच्या हातात होती, तर मोकळी जमीन हद्दीबाहेर. शहराने सरळ धोरण आखले: आमचे पाणी आणि गटारजोडणी हवी असेल तर तुमची जमीन आधी आमच्या हद्दीत आली पाहिजे. बिल्डरांना जोडणी हवीच होती, त्यामुळे एकामागून एक शेते शहरात आली.

या खेळीमुळे कोलंबस क्लीव्हलँडसारखे उपनगरांच्या वेढ्यात अडकले नाही आणि करांचा पाया रुंद राहिला. पण त्याची दुसरी बाजूही आहे. वाढ म्हणजे कडेला नवी वसाहत, असे समीकरण शहराच्या अंगवळणी पडले. घरे दूरदूर, प्रत्येक घराला गाडी आणि दर माणशी सांभाळायचा रस्ता व पाइप जास्त, असा संसार तयार झाला. आता कडेची मोकळी जमीन कामाच्या ठिकाणांपासून फार लांब गेली आहे, त्यामुळे शहराला पहिल्यांदाच गंभीरपणे आतल्या बाजूला आणि वरच्या दिशेला वाढावे लागत आहे. जुने नियम या वाढीसाठी लिहिलेलेच नव्हते.

झोनिंग म्हणजे काय

कोणत्या भूखंडावर काय बांधता येईल, किती मजले चढवता येतील, रस्त्यापासून किती जागा सोडावी लागेल आणि गाड्यांसाठी किती जागा ठेवावी लागेल, हे ठरवणाऱ्या शहराच्या कायद्याला झोनिंग म्हणतात. आपल्याकडे विकास आराखडा आणि विकास नियंत्रण नियमावली मिळून जे काम करतात, जवळपास तेच. फरक असा की आपल्याकडे सगळी चर्चा चटई क्षेत्र निर्देशांकाभोवती फिरते, तर कोलंबससारख्या शहरात उंची, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग यांवरच बांधकामाचे गणित जुळते किंवा फिसकटते.

या कायद्याला न्यायालयाची मान्यता मिळाली ती ओहायोतल्याच एका प्रकरणातून, हा योगायोग सांगण्यासारखा आहे. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावाचे प्रकरण १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जमिनीचा वापर असा विभागून देण्याचा अधिकार गावांना व शहरांना आहे, असा निकाल लागला. त्याच निकालपत्रात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणारी भाड्याच्या सदनिकांची इमारत ही अनेकदा परजीवी ठरते, असेही म्हटले आहे. म्हणजे स्वतंत्र बंगला हा नियम आणि सदनिका हा अपवाद, ही दृष्टी पहिल्यापासूनच या कायद्यात मुरलेली होती. कोलंबसचा कायदा मुख्यतः १९५० च्या दशकातला. मध्ये ठिगळे पुष्कळ लागली, कापड तेच राहिले.

परिणाम काय झाला ते पाहा. एखाद्या मुख्य रस्त्यावर, बसथांब्याच्या समोर, खाली दुकाने आणि वर चार मजले घरे अशी अगदी साधी इमारत बांधायची म्हटली तरी ती बहुतेक ठिकाणी नियमात बसत नसे. मग नियमातून सूट मागायची, परिसर समितीसमोर नकाशे मांडायचे, त्यांच्या सूचनांप्रमाणे एखादा मजला कमी करायचा, पुन्हा नकाशे करायचे आणि शेवटी नगर परिषदेच्या मतदानाची वाट पाहायची. यात महिनोन्महिने जात. या काळात जमिनीवरच्या कर्जाचे व्याज चालूच असे, आणि परवानगी मिळेलच याची शाश्वती शेवटच्या दिवसापर्यंत नसे. हा खर्च आणि ही अनिश्चितता पेलणारा बिल्डर मोठाच असावा लागतो. दोन-तीन भूखंडांवर बारा-पंधरा घरे बांधू पाहणारा लहान बिल्डर या फेऱ्यात पडतच नाही. मोठा पडतो तो मोठ्या इमारतीसाठी, आणि झालेला सगळा खर्च शेवटी भाड्यात वसूल करतो.

२०२४ मध्ये नेमके काय बदलले

२९ जुलै २०२४ रोजी कोलंबसच्या नगर परिषदेने नवे झोनिंग एकमताने मंजूर केले. ते पूर्ण शहराला लागू नाही. मुख्य रस्त्यांच्या कडेचे सुमारे १२,३०० भूखंड त्यात येतात आणि या रस्त्यांची एकत्रित लांबी सुमारे २२५ किलोमीटर आहे. या भूखंडांसाठी सहा नवे विभाग केले गेले. सर्वाधिक दाटीच्या विभागात १२ मजल्यांपर्यंत, आणि काही घरे परवडणाऱ्या दरात दिल्यास १६ मजल्यांपर्यंत बांधता येते. किमान पार्किंगची सक्ती या भूखंडांपुरती काढून टाकण्यात आली.

सगळ्यांत महत्त्वाचा बदल मात्र मजल्यांचा नाही. नियमात बसणाऱ्या इमारतीसाठी आता सूट मागत फिरावे लागत नाही; नियमात बसते, म्हणून ती हक्काने बांधता येते. पूर्वी जे वाटाघाटीने मिळत होते, ते आता कायद्याने मिळते. माझ्या मते या संपूर्ण बदलाचा गाभा हाच आहे, बाकीचा तपशील त्याच्या मागून येतो.

जुन्या नियमांखाली या रस्त्यांवर दहा वर्षांत जेमतेम ६,००० घरे होऊ शकली असती, नव्या नियमांखाली ८८,००० होऊ शकतील, असा शहराचा अंदाज आहे. या आकड्याकडे सावधपणे पाहायला हवे. ही परवानगीची क्षमता आहे, बांधकामाचे वचन नव्हे. व्याजदर, सुतार-गवंड्यांची टंचाई आणि पोलाद-लाकडाचे भाव यांवर झोनिंगचा काहीच अंमल चालत नाही.

पार्किंगचा एवढा गवगवा कशासाठी

हिशेब कागदावर मांडला की समजते. समजा, ४० घरांची इमारत आहे आणि नियम दर घरामागे दीड गाडीची जागा मागतो. म्हणजे ६० गाड्यांची जागा झाली. गाडी उभी राहायला आणि वळायला मिळून साधारण ३०० चौरस फूट लागतात, म्हणजे १८,००० चौरस फूट. एक एकराच्या चाळीस टक्क्यांहून थोडी अधिक जमीन निव्वळ डांबरासाठी. मुख्य रस्त्यावरच्या अनेक भूखंडांचे एकूण क्षेत्रफळही एवढे नसते. मग एकतर पार्किंगचे मजले बांधायचे, ज्याचा खर्च प्रत्येक जागेमागे हजारो डॉलर येतो, किंवा घरांची संख्या कमी करायची. बहुतेक वेळा इमारतच रद्द होते. जो भाडेकरू बसने कामावर जातो त्याच्याही भाड्यात या न वापरलेल्या जागेची किंमत मिसळलेली असते.

सक्ती काढली म्हणजे पार्किंगवर बंदी आली, असा समज पुष्कळांचा झालेला दिसतो. तसे नाही. बँका कर्ज देताना आणि भाडेकरू घर पाहताना पार्किंग विचारतातच, त्यामुळे बिल्डर ते ठेवतातच. किती ठेवायचे हे आता ते ठरवतील. शहराच्या मध्यभागी पार्किंगच्या जागेचे काय होऊ शकते याचे उदाहरण नॉर्थ मार्केटजवळ उभे आहे. १८७६ पासून चालत आलेल्या या बाजाराशेजारच्या पार्किंगच्या मैदानावर ३० हून अधिक मजल्यांचा मर्चंट बिल्डिंग हा मनोरा उभा राहिला. पाया खणण्याआधी तेथे पुरातत्त्वज्ञांना बोलवावे लागले, कारण बाजार ज्या जमिनीवर आहे ती एके काळी शहराची दफनभूमी होती. डांबराखाली मानवी अवशेष निघाले.

‘पण ही घरे तर पैसेवाल्यांसाठीच!’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि तो खोटा नाही. नवी इमारत महागच असते. तरीही तिचा परिणाम जुन्या घरांच्या भाड्यावर होतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचा विचार करा. रेल्वेने केवळ वातानुकूलित डब्यांची एक जादा गाडी सोडली, तर डोंबिवलीचा स्लीपरने जाणारा माणूस म्हणेल की यात माझा काय फायदा? पण ती गाडी सुटली नसती, तर तिच्यात बसणारे लोक घरी थांबले नसते. ते तत्काळ तिकिटासाठी त्याच स्लीपरच्या रांगेत उभे राहिले असते. घरांचेही तसेच आहे. चांगल्या पगारावर कोलंबसमध्ये आलेल्या माणसाला नवी सदनिका मिळाली नाही, तर तो १९६० सालच्या जुन्या इमारतीतील सदनिका दोनशे डॉलर जास्त देऊन घेतो आणि तेथला जुना भाडेकरू बाहेर पडतो.

याला थोडा पुरावाही आहे. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहराने असे नियम आधी बदलले. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स या अमेरिकी संस्थेने केलेल्या अभ्यासानुसार २०१७ ते २०२२ या काळात तेथील घरांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी केवळ १ टक्क्याने, तर उरलेल्या मिनेसोटात भाडी १४ टक्क्यांनी वाढली. या काळात करोनाची वर्षे येतात, त्यामुळे सगळे श्रेय नियमांना देता येणार नाही. शिवाय तेथे गाजावाजा झाला तो बंगल्याच्या जागी तीन घरे बांधू देण्याच्या नियमाचा, पण प्रत्यक्षात घरे आली ती मुख्य रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींतून. कोलंबसने नेमके तेच रस्ते निवडले आहेत.

मात्र या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे. भाडेवाढ मंदावते, भाडे निम्मे होत नाही, आणि जे मंदावते तेही सावकाश. ज्या कुटुंबाचे उत्पन्न अगदीच कमी आहे, त्याला बाजारातले कोणतेच भाडे परवडत नाही. तिथे सरकारी पैसाच लागतो.

कर माफ कोण करते आणि तोटा कोणाला होतो

आता अवघड जागी येऊ. कोलंबसमधील पुष्कळ नव्या इमारतींना करमाफी मिळते. म्हणजे जमिनीवर मालमत्ता कर लागतो, पण नव्या बांधकामामुळे वाढलेल्या किमतीवर ठरावीक काळ, बहुधा १५ वर्षांपर्यंत, कर लागत नाही. त्यातून शहर परवडणाऱ्या घरांची अटही घालते: माफी हवी असेल तर ठरावीक घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना द्या. शहराची बाजू अशी की माफी नसती तर इमारत झालीच नसती, आणि न झालेल्या इमारतीचा कर असाही शून्यच.

हे ऐकायला बिनतोड वाटते. पण शहराचा स्वतःचा खर्च कशावर चालतो ते पाहिले की चित्र बदलते. कोलंबस शहराच्या रोजच्या कारभाराचा पैसा मुख्यतः पगारावरील अडीच टक्के नगर-आयकरातून येतो. हा दर मतदारांनी २००९ मध्ये वाढवून दिला. मालमत्ता कराचा सिंहाचा वाटा जातो तो शाळांना, ज्यांचा कारभार शहरापासून वेगळा चालतो. म्हणजे नव्या इमारतीत नोकरदार राहायला आले की आयकर शहराला मिळतो, आणि माफ झालेला कर मुख्यतः शाळांच्या वाट्यातून जातो. निर्णय एकाचा आणि झीज दुसऱ्याची, अशी ही रचना आहे.

यात ओहायोचा आणखी एक कायदा येतो, जो फारसा कोणी समजावून सांगत नाही. १९७६ पासून राज्यात असा नियम आहे की मतदारांनी मंजूर केलेल्या शाळा-करातून, जुन्या घरांची किंमत वाढली म्हणून शाळेचे उत्पन्न वाढू नये. किंमत वाढली की दर तेवढा खाली येतो. घरमालकांना संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू आहे. पण नवे बांधकाम या कपातीत येत नाही. त्याचा कर शाळेला खरोखरच नव्याने मिळतो. म्हणजे वाढत्या शहरात शाळांचे उत्पन्न, पुन्हा मतदान न घेता, वाढण्याचा जो एक भरवशाचा मार्ग आहे, तो म्हणजे नवी बांधकामे. आणि माफी दिली जाते ती नेमकी त्यांनाच.

२०२३ मध्ये फ्रँकलिन काउंटीने, म्हणजे कोलंबसचा बहुतांश भाग ज्यात येतो त्या जिल्ह्याने, घरांच्या किमतींचे पुनर्मूल्यांकन केले तेव्हा निवासी मालमत्तांची किंमत सरासरी ४१ टक्क्यांनी वाढली. वर सांगितलेल्या नियमामुळे कर ४१ टक्क्यांनी वाढत नाही, पण सगळ्यांचा सारखाही राहत नाही. ज्या वस्तीतील किमती सरासरीहून जास्त वाढल्या तेथे बोजा जास्त पडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी शहराच्या शाळांसाठी वाढीव कर मंजूर केला. आपली कराची पावती फुगलेली असताना समोरच्या नव्या इमारतीला पंधरा वर्षे माफी, हे पाहून चिडणाऱ्या निवृत्त घरमालकाला अर्थशास्त्र कळत नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. ज्या भागात माफीशिवायही बिल्डर येतील तेथे माफी देऊ नये आणि जेथे द्यावी तेथे शाळांनाही त्यात बोलायला जागा असावी, एवढे म्हणायला हरकत नाही. हक्काने बांधकाम करता आल्यामुळे बिल्डरचा वेळ आणि व्याज वाचणार असेल, तर माफीची गरजही त्या प्रमाणात कमी व्हायला हवी.

बस आधी की इमारती आधी

हा भाग तुलनेने सरळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मंजूर केली, आणि फ्रँकलिन काउंटीतील एकूण विक्रीकर ८ टक्के झाला. या पैशातून वेगळ्या मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बसगाड्या, पदपथ आणि सायकलमार्ग होणार आहेत. दाट वस्ती आणि बस यांची निवड त्याच रस्त्यांवर केली आहे, कारण प्रवासी नसतील तर दर दहा मिनिटांनी बस सोडणे परवडत नाही, आणि बस नसेल तर बिनपार्किंगचे घर कोणी घेत नाही. दोन्ही एकदमच करावे लागते. पुण्यातील बीआरटीचा अनुभव असलेल्या वाचकाच्या मनात येणारी शंका रास्त आहे: मार्गिका खरोखर बससाठीच राखली तरच या खर्चाला अर्थ आहे. आणि हो, एवढ्या मोठ्या शहराला १९७९ पासून प्रवासी रेल्वे नाही.

‘इंटेल आलेच नाही तर?’

जानेवारी २०२२ मध्ये इंटेलने कोलंबसच्या ईशान्येला, न्यू ऑल्बनी येथे २० अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा चिप-कारखाना जाहीर केला, तेव्हा आसपासच्या जमिनींना सोन्याचे भाव आले. उत्पादन २०२५ मध्ये सुरू होणार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने पहिला टप्पा २०३०-३१ वर ढकलला. त्यामुळे एका कारखान्याच्या भरवशावर शहर फसले, अशी टीका झाली. ती अर्धीच बरोबर आहे. कारखान्याच्या आसपास शेते घेऊन बसलेल्यांचा हिशेब चुकला हे खरे, पण शहरातील घरांची टंचाई इंटेलच्या आधीपासूनची आहे. वरचे लोकसंख्येचे आकडे २०२० चे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

शेजाऱ्यांना विचारायचेच नाही का?

सूट मागण्याची पद्धत गेली, म्हणजे प्रत्येक इमारतीवर आक्षेप घेण्याची शेजाऱ्यांची संधीही बरीच कमी झाली. ही किंमत लहान नाही. शहराने मनात आणले की काय होते, हे पूर्वेकडच्या हॅनफर्ड व्हिलेजला विचारावे: दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी वसवलेली ही वस्ती महामार्गाने कापून काढली. त्यामुळे ‘आमचे ऐका’ ही मागणी केवळ बंगलेवाल्यांची कुरकुर समजू नये.

तरीही, ऐकायचे कधी हा प्रश्न उरतो. नियम लिहिताना ऐकले तर सगळ्या शहराचे ऐकावे लागते. इमारतीगणिक ऐकले तर संध्याकाळच्या सभेला येण्याची फुरसत असलेल्यांचेच ऐकले जाते, आणि तेथे उद्या राहायला येणारा भाडेकरू कधीच हजर नसतो. जर्मन व्हिलेजसारख्या ऐतिहासिक वस्त्यांत इमारतीचे रूप तपासणारी मंडळे नव्या नियमांनंतरही आहेतच.

कोलंबसच्या आसपासच्या डब्लिन, पॉवेल किंवा न्यू ऑल्बनी येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यातले काहीच थेट लागू होत नाही, कारण ती स्वतंत्र नगरे आहेत आणि त्यांचे झोनिंग त्यांचेच. कोलंबसच्या हद्दीतही गल्लीतल्या बंगल्यांच्या वस्त्या पहिल्या टप्प्यात वगळल्या आहेत. मिनियापोलिसने २०१८ मध्ये त्याच वस्त्यांना हात घातला, तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयाने ती योजना थांबवली, २०२३ मध्ये पुन्हा थांबवली आणि अखेर मे २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाला कायदा बदलून वाट मोकळी करावी लागली. कोलंबसने मुख्य रस्ते आधी घेऊन ते भांडण टाळलेले नाही, पुढच्या टप्प्यावर ढकलले आहे.